तिसऱ्या दिवसाचा रकाना

कोजागिरीचं दूध गच्चीवरून खाली आणलं
तेव्हा पातेल्याच्या तळाशी थोडं केशर उरलं होतं, आणि एक किडा.
टेबलावरचं प्लास्टिक पुसून मी लॅपटॉप उघडला.
म्हटलं, बसा सगळे. डिसेंबर ठरवून टाकू.

अकरा माणसं. वय वर्षं चार ते एक्क्याऐंशी.
सहा दिवस, एक बेट.
सगळ्यात वर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: निवांत.

निवांत जायचं तर
शकूआत्यांचं इन्सुलिन गार राहायला हवं,
खोल्या तळमजल्यावर हव्यात, पायऱ्या तीनच्या वर नकोत,
शर्वची परीक्षा सतराला संपते,
हेमांगीला बोट लागते,
आणि मध्येच मार्गशीर्षातला गुरुवार येतो.
म्हणजे समोर समुद्र, समुद्रात सुरमई,
आणि आमच्या ताटात पनीर.

निनाद म्हणाला, स्कूबा.
रेवाला रात्री चमकणारं पाणी बघायचं होतं.
शकूआत्या म्हणाल्या, मला कुठेही ठेवा, पण उन्हात नको.
मी रकाने भरत गेले. सकाळ, दुपार, संध्याकाळ,
ऑफिसात भरते तसे.

"तिथं स्वयंपाकघर असेल ना?" आईंनी विचारलं.
नाही.
"चहापुरतं?"
चहा खोलीवर येतो, आई. नुसती घंटी वाजवायची.
त्या प्लास्टिकवर सांडलेल्या चारोळ्या एकेक करून वेचत राहिल्या.
"मग मी काय करू?"
कुणीतरी हसलं.
त्या हसल्या नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या.

बाबा तोवर गप्प होते.
माहीमच्या आमच्या गच्चीतून समुद्र दिसतो,
पाहुण्यांना आम्ही आधी तिथंच नेतो,
बाबा मात्र पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसतात.
चौतीस वर्षं जहाजावर. इंजिनरूममध्ये.

"बेट म्हणजे," ते म्हणाले, "आवाज उतरतो.
आधी घंटा. स्लो. मग परत घंटा. स्टॉप.
मग तेलाच्या वासात एकदम शांत.
वरून पोरं ओरडायची, नारळ दिसतायत, नारळ!
अंदमानला मी दोनदा गेलोय.
दोन्हीदा खाली होतो."
बल्ब किती वॅटचा ते सांगावं
तसं सांगितलं त्यांनी.

एकोणीस वर्षं झाली मला या घरात येऊन.
निनाद तर त्यांचा मुलगा.
आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाल्या.
"पत्रात लिहिलं होतं. एकदाच."
आणि वेचलेल्या चारोळ्या बशीत टाकून
आत गेल्या, पातेलं घासायला.

तिसऱ्या दिवशी काचेच्या तळाची बोट होती,
मग गुहा, मग बाजार, मग फोटो.
मी ते सगळं पुसलं.
"रिकामा?" निनाद म्हणाला. "पैसे भरून रिकामा?"
हो.
"अगं, पण करायचं काय दिवसभर?"
तेच, आई विचारत होत्या तेच.

कागद छापून फ्रिजवर लावला,
सिद्धिविनायकाच्या चुंबकाखाली.
येताजाता सगळे त्यात काहीबाही खरडतात:
सनस्क्रीन, चार्जर, आत्यांची काठी,
आवळासुपारी हेमांगीसाठी. दोनदा.

आज दूध ठेवताना पाहिलं.
तिसऱ्या दिवसात पेन्सिलीनं, आईंच्या बारीक अक्षरात:
खुर्च्या दोन. पाण्याजवळ.
आणि शेजारी बाबांनी, लॉगबुकात भरावी तशी
सरळ ओळीत वेळ टाकलीय.
०६००. स्टॉप.

त्यावरून धाकटीनं मेणखडूनं एक मासा काढलाय,
भलामोठा, रकान्याबाहेर शेपूट गेलेला.
तिला काय सांगायचं, तो गुरुवार आहे म्हणून.

इन्सुलिनची गार पिशवी
अजून घ्यायची राहिलीय.